एवढ्याशा चिपला हळद कशी कळते?

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे सुरू झाले की खरेदीदार पोत्यातून एक हळकुंड उचलतो, कटकन मोडतो आणि आतला गाभा उजेडाकडे धरतो. गाभा केशरीकडे झुकलेला आहे की फिकट, यावरून मालाची पारख होते. अखंड हळकुंडासाठी ही परीक्षा चांगलीच भरवशाची आहे. पण तेच हळकुंड दळून त्याची पूड झाली की डोळ्याचं फारसं चालत नाही. फिकट, निकृष्ट पुडीत मेटॅनिल यलो नावाचा रंग मिसळला तर ती पूड अस्सल राजापुरी हळदीच्या शेजारी ठेवूनही ओळखू येईलच असं नाही. खाद्यपदार्थांत हा रंग वापरायला आपल्याकडे बंदी आहे, तरी भेसळीच्या तपासण्यांमध्ये त्याचं नाव पुन्हा पुन्हा येतं.

दोन्ही पुड्यांतले घटक वेगळे, पण डोळ्याला दिसणारा पिवळा एकच. असं का होतं? आणि जो फरक माणसाच्या डोळ्याला कळत नाही, तो मोबाईलमध्ये सहज मावेल एवढ्या चिपला कसा कळावा?

तीन आकड्यांवर चालणारा डोळा

प्रकाश म्हणजे लाटा. एका लाटेच्या माथ्यापासून पुढच्या लाटेच्या माथ्यापर्यंतचं अंतर म्हणजे तरंगलांबी. ती नॅनोमीटरमध्ये मोजतात. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. आपल्याला दिसणारा प्रकाश साधारण 400 ते 700 नॅनोमीटरांमध्ये येतो. 400च्या बाजूला जांभळा, 700च्या बाजूला लाल.

या पट्ट्यातल्या कुठल्या तरंगलांबीचा प्रकाश किती आहे, हे डोळा मोजत नाही. रंग ओळखण्यासाठी त्याच्याकडे शंकूच्या आकाराच्या पेशी आहेत आणि त्यांचे प्रकार तीनच. प्रत्येक प्रकारची पेशी बऱ्याच मोठ्या पट्ट्यातला प्रकाश एकत्र गोळा करते आणि मेंदूकडे एकच आकडा पाठवते. अशा तीन आकड्यांवरून मेंदू रंग ठरवतो. याचा पुरावा आपल्या खिशातच आहे. मोबाईलच्या पडद्यावर हळदीचा फोटो पिवळाधमक दिसतो, पण त्या पडद्यावर पिवळा दिवा एकही नसतो. लाल आणि हिरवे ठिपके शेजारी शेजारी पेटतात, त्यांच्यामुळे मिळणारे तीन आकडे खऱ्या पिवळ्यासारखेच येतात आणि मेंदू ते मान्य करतो.

कोणती तरंगलांबी किती, याचा सगळा आलेख म्हणजे वर्णपट, आणि तो मोजणारं यंत्र म्हणजे वर्णपटमापक. हळदीला पिवळेपणा देणारं कुरकुमिन हे द्रव्य 425 नॅनोमीटरच्या आसपासचा जांभळा-निळा प्रकाश गिळतं आणि बाकीचा परत पाठवतं. प्रयोगशाळेत हळदीतलं कुरकुमिन मोजायची नेहमीची पद्धत यावरच बेतलेली आहे. पूड अल्कोहोलसारख्या द्रावकात उकळून अर्क काढायचा, त्यातून 425 नॅनोमीटरचा प्रकाश सोडायचा आणि किती गिळला गेला ते पाहायचं. पद्धत पक्की आहे. पण यंत्र टेबलाएवढं, रसायनं लागतात, माणूस शिकलेला लागतो, आणि निकाल येईपर्यंत सौदा होऊन माल गाडीत चढलेला असतो.

जमखंडीची नारिंगी रेषा

वर्णपट मोजायचं काम या मुलखाला नवीन नाही. सांगलीपासून सरळ रेषेत 85 किलोमीटरांच्या आसपास, पूर्व-आग्नेयेला जमखंडी आहे. तेव्हा ते पटवर्धनांचं संस्थान होतं, आज ते कर्नाटकात आहे. 18 ऑगस्ट 1868 रोजी खग्रास सूर्यग्रहणाची सावली तिथून गेली. रॉयल सोसायटीने पुरवलेली उपकरणं घेऊन लेफ्टनंट जॉन हर्शेल तिथे मुक्कामाला होते. युरेनस शोधणाऱ्या विल्यम हर्शेल यांचे ते नातू. दिवस पावसाळ्याचे, त्यामुळे ढगांनी बराच खोळंबा केला. पण खग्रास अवस्थेत ढग थोडे फाटले आणि सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांवर त्यांनी वर्णपटदर्शक रोखला. त्यांना सलग इंद्रधनुष्यी पट्टा दिसला नाही, सुट्या तेजस्वी रेषा दिसल्या: लाल, नारिंगी आणि निळी. ज्वाळा तप्त वायूच्या आहेत हे त्यावरून स्पष्ट झालं. त्याच दिवशी गुंटूरला फ्रेंच शास्त्रज्ञ झान्सेन यांनीही अशा रेषा पाहिल्या.

त्यातली नारिंगी-पिवळी रेषा पुढे फार महत्त्वाची ठरली. सोडियमच्या दोन प्रसिद्ध रेषा 589.0 आणि 589.6 नॅनोमीटरवर असतात, आणि ही रेषा त्यांचीच असावी असं वाटणं साहजिक होतं. नीट मोजल्यावर ती 587.6ला निघाली. त्या जेमतेम दीड नॅनोमीटरच्या फरकातून हेलियम हे नवं मूलद्रव्य हाती लागलं. पृथ्वीवर ते सापडायला 1895 उजाडलं.

हा दीड नॅनोमीटर लक्षात ठेवावा. जवळजवळच्या दोन तरंगलांब्या वेगळ्या दाखवायची यंत्राची क्षमता म्हणजे पृथक्करण, आणि यंत्र लहान करताना पहिली कुऱ्हाड त्यावरच पडते.

अंतर कमी केलं की काय बिघडतं

जुन्या यंत्रात प्रकाश एका अरुंद फटीतून आत येतो. मग लोलक किंवा बारीक रेघांची जाळी तो वेगवेगळ्या कोनांत पसरवते. जाळीवर एका मिलिमीटरमध्ये 600 रेघा आहेत असं धरू. एका नॅनोमीटरचा फरक असलेले दोन रंग अशा जाळीतून निघाले की एकमेकांपासून फार थोड्या कोनाने फाकतात. दहा सेंटिमीटर पुढे गेल्यावर त्यांच्यातलं अंतर 0.06 मिलिमीटर होतं. ते मोजता येतं, कारण साधारण केसाची जाडीही तेवढीच असते. आता यंत्र चिपएवढं करायचं म्हणून हे दहा सेंटिमीटर एका मिलिमीटरवर आणले, तर दोन रंगांतलं अंतर उरतं 0.0006 मिलिमीटर, म्हणजे 600 नॅनोमीटर. ही तर नारिंगी प्रकाशाचीच तरंगलांबी झाली. प्रकाश आपल्या लाटेपेक्षा बारीक ठिपक्यात एकवटता येत नाही, त्यामुळे दोन्ही रंगांचे ठिपके एकमेकांवर चढतात. कितीही कुशल कारागीर लावला तरी यातून सुटका नाही, कारण अडचण निसर्गनियमाचीच आहे.

फटीचीही अडचण आहे. रंग स्वच्छ वेगळे हवेत तर फट अरुंद ठेवावी लागते, आणि अरुंद फटीतून प्रकाश कमी येतो.

तरीही जाळीची पद्धत बरीच लहान झाली आहे. जपानच्या हामामात्सु कंपनीचा सी12880एमए हा वर्णपटमापक सुमारे 20 मिलिमीटर लांब आणि 12.5 मिलिमीटर रुंद आहे. म्हणजे बोटाच्या टोकाएवढा. 340 ते 850 नॅनोमीटरचा पट्टा तो पाहतो, पण त्याचं पृथक्करण साधारण 10 ते 15 नॅनोमीटरचं. जमखंडीच्या रेषेचं कोडं त्याला सुटलं नसतं. याहून लहान व्हायचं तर रंग पसरवायचा हट्टच सोडावा लागतो. गेल्या दहा-पंधरा वर्षांत नेमकं तेच झालं.

बाजारातल्या पिशव्या

गल्लीतल्या काही घरांनी एकाच दुकानातून भाजी आणली आहे, असं धरू. प्रत्येक पिशवीत काय आणि किती किलो आहे ते आपल्याला माहीत आहे. प्रत्येकाने एकूण किती पैसे दिले, तेही माहीत आहे. सुटे भाव मात्र कुणीच विचारले नाहीत. पिशव्या पुरेशा असतील आणि प्रत्येकीतलं प्रमाण निराळं असेल, तर घरबसल्या प्रत्येक भाजीचा भाव काढता येतो. शाळेतली एकसामयिक समीकरणं ती हीच.

चिपवरचा नव्या पद्धतीचा वर्णपटमापक हेच करतो. भाज्या म्हणजे तरंगलांब्या. भाव म्हणजे त्या त्या तरंगलांबीचा प्रकाश किती, जो आपल्याला शोधायचा आहे. पिशवी म्हणजे एक सेन्सर: कुठल्या तरंगलांबीला तो किती प्रतिसाद देतो, हे कारखान्यात आधीच मोजून ठेवलेलं असतं. आणि पिशवीचे एकूण पैसे म्हणजे त्या सेन्सरचा एक आकडा. रंग वेगळे करायचेच नाहीत. मिसळलेलेच मोजायचे, पण वेगवेगळ्या प्रमाणांत मिसळून, आणि मग गणिताने सोडवायचे. या जातीच्या यंत्रांना पुनर्रचनात्मक वर्णपटमापक म्हणतात.

आपला डोळाही याच जातीचा आहे. फक्त त्याच्याकडे पिशव्या तीन आणि भाज्या शेकडो. म्हणून दोन निराळ्या पुड्यांचा हिशेब त्याच्याकडे एकसारखाच येतो.

> चौकट: एका रुपयाची चूक
>
> पहिल्या पिशवीत 1 किलो टोमॅटो आणि 1 किलो कांदा, बिल 70 रुपये. दुसरीत 1 किलो टोमॅटो आणि 2 किलो कांदा, बिल 100 रुपये. वजाबाकी केली की कांदा 30, टोमॅटो 40.
>
> आता भाव तेच ठेवून पिशव्या जवळजवळ सारख्या करू. पहिलीत 10 किलो टोमॅटो, 10 किलो कांदा: 700 रुपये. दुसरीत 10 किलो टोमॅटो, 10 किलो 100 ग्रॅम कांदा: 703 रुपये. दुकानदाराने 703ऐवजी चुकून 704 लिहिले तर? 100 ग्रॅम कांद्याचे 4 रुपये, म्हणून कांदा 40 आणि टोमॅटो 30. सातशेत एका रुपयाची चूक, आणि दोन्ही भावांची उलटापालट झाली.
>
> चिपमध्ये ही चूक म्हणजे विजेतली खरखर. सेन्सर एकमेकांसारखे असतील तर थोडीशी खरखरही सगळा वर्णपट बिघडवते.

चिप बनवणाऱ्यांची खरी कसोटी या चौकटीत आहे. सेन्सर लहान असून भागत नाही, एकाचा प्रतिसाद दुसऱ्यापेक्षा ठळकपणे निराळा असावा लागतो. आणि पिशव्या भाज्यांपेक्षा कमी असल्या तर? तेव्हा आधीच्या माहितीचा आधार घ्यावा लागतो. हळदीसारख्या पदार्थाचा वर्णपट सावकाश चढतो-उतरतो, त्याला अणकुचीदार शिखरं नसतात, हे माहीत असेल तर गणिताने काढलेली असंख्य उत्तरं बाद होतात. मात्र ही माहिती चुकली तर उत्तरही चुकतं, आणि चुकलेलं उत्तर दिसायला अगदी गुळगुळीत, विश्वासार्ह असतं. या पद्धतीतला सगळ्यात मोठा धोका मला हाच वाटतो.

पिशवी बदलायच्या रीती

2015मध्ये जिए बाओ आणि मुंगी बावेंडी यांनी क्वांटम ठिपक्यांचा वापर केला. हे अर्धवाहकाचे इतके बारीक कण असतात की नुसता आकार बदलला तरी ते कोणता प्रकाश गिळतील ते बदलतं. असे 195 निरनिराळे ठिपके कॅमेऱ्याच्या सेन्सरवर लावले आणि 195 पिशव्या तयार झाल्या. बावेंडी यांना पुढे 2023चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, ते याच क्वांटम ठिपक्यांच्या कामासाठी. 2019मध्ये केंब्रिजच्या गटाने एकाच अतिसूक्ष्म तारेत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मिश्रण हळूहळू बदलत नेलं. त्या तारेचा प्रत्येक तुकडा ही एक पिशवी.

पण पिशव्या शेजारी शेजारी ठेवल्या की प्रत्येकीच्या वाट्याला थोडाच प्रकाश येतो. मग असा विचार पुढे आला की सेन्सर एकच ठेवावा आणि त्याचा स्वभावच क्षणाक्षणाला बदलावा.

एक मार्ग उष्णतेचा. सिलिकॉनच्या चिपवर प्रकाशासाठी केसाच्या शंभराव्या हिश्श्याएवढ्या रुंदीच्या वाटा कोरतात आणि शेजारच्या सूक्ष्म हीटरने त्या तापवतात. तापमान बदललं की त्या वाटेतून कोणता प्रकाश पार होईल ते बदलतं. पृथक्करण उत्तम मिळतं. पण हीटर तापलेला ठेवायला सतत वीज लागते, आणि शेजारच्या वाटाही नको असताना तापतात.

दुसरा मार्ग विजेच्या दाबाचा. दोन निराळ्या पदार्थांचे पातळ थर एकमेकांवर ठेवायचे. दोन्ही वेगवेगळ्या रंगांना प्रतिसाद देतात. त्यांच्यावरचा व्होल्टेज बदलला की कुठल्या थराचा आवाज जास्त ऐकू येणार, ते बदलतं. एकेक व्होल्टेज म्हणजे एकेक नवी पिशवी. 2022मध्ये फिनलंडच्या आल्टो विद्यापीठातल्या गटाने असा सेन्सर दाखवला. त्याचं आकारमान 22 गुणिले 8 मायक्रोमीटर. साध्या केसाच्या टोकावर तो मावेल. 2025मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठात ब्रेंडन ओ'कॉनर यांच्या गटाने कार्बनी अर्धवाहकांचे थर वापरून एकाच पिक्सेलचा वर्णपटमापक केला. त्याला एक व्होल्टहून कमी दाब पुरतो, एक मोजणी एका मिलिसेकंदाच्या आत होते, आणि तो अतिनीलपासून नजीकच्या अवरक्तापर्यंत पाहू शकतो. भिंतीवरच्या घड्याळातला एक सेल दीड व्होल्टचा असतो, म्हणजे त्यातही काही उरेल.

वेग आणि बॅटरी

मिलिसेकंदाचं महत्त्व बाजारापेक्षा कारखान्यात जास्त. तासगाव भागात बेदाण्याची प्रतवारी होते तेव्हा माल पट्ट्यावरून धावत असतो. पट्टा सेकंदाला एक मीटर सरकत असेल तर एका मिलिसेकंदात बेदाणा एक मिलिमीटर पुढे जातो, म्हणजे मोजणी संपेपर्यंत तो सेन्सरखालीच असतो. मोजणीला दशांश सेकंद लागला तर तो दहा सेंटिमीटर पुढे गेलेला असतो आणि मधल्या वेळात दुसरे बेदाणे खालून निघून जातात. वेगाचा आणखी एक उपयोग असा की हजार मोजण्या घेऊन त्यांची सरासरी काढता येते. त्याने खरखर कमी होते, चौकटीतली ती एका रुपयाची चूक लहान होते.

विजेच्या बाबतीत मात्र एक गोष्ट जाहिरातींमध्ये सहसा सांगत नाहीत. सेन्सरला वीज नगण्य लागते हे खरं, पण हळदीवर पाडायला उजेड लागतो. दिसणाऱ्या पट्ट्यापुरता एलईडी पुरतो. अवरक्त पट्ट्यासाठी बऱ्याच उपकरणांत अजून तारेचा छोटा बल्ब असतो, आणि बॅटरी मुख्यतः तोच खातो. झटपट मोजणीचा फायदा इथेही आहे: दिवा क्षणभर लावून बंद करता येतो.

हळदीपुढे ठेवल्यावर

हळदीच्या बाबतीत निसर्गाने आपल्याला थोडी सवलत दिली आहे. सूर्याच्या ज्वाळांतल्या रेषा अणकुचीदार असतात, म्हणून तिथे दीड नॅनोमीटरचा हिशेब ठेवावा लागतो. घन पदार्थांचे वर्णपट रुंद, पसरट टेकाडांसारखे असतात. तिथे पाच-दहा नॅनोमीटरचं पृथक्करणही बऱ्याच कामांना पुरतं. लहान चिप खगोलशास्त्रात लंगडी पडेल, पण पुडीपुढे ती उभी राहू शकते.

तरी नुसता दिसणारा पट्टा पुरत नाही. मेटॅनिल यलोदेखील 400 ते 450च्या दरम्यान, कुरकुमिनच्या जवळच प्रकाश गिळतो. दोन टेकाडं एकमेकांवर बसतात. म्हणून 700च्या पलीकडे, अवरक्त पट्ट्यात जावं लागतं. तिथे पाणी, स्टार्च आणि तेल यांच्या रेणूंमधले बंध आपापल्या ठरावीक तरंगलांब्या गिळतात; पाण्याची खूण 970 आणि 1450 नॅनोमीटरजवळ दिसते. सिलिकॉनचा सेन्सर साधारण 1100पर्यंतच पाहतो. त्यापुढे इंडियम गॅलियम आर्सेनाइडसारखे महाग पदार्थ लागतात. आज हातात धरायच्या चांगल्या उपकरणांची किंमत वर जाते ती मुख्यतः यामुळे. स्वस्त पदार्थांचे थर हा पट्टा पाहू लागले तर ही अडचण सुटू शकते.

या चिपला जे जमणार नाही, तेही स्पष्ट सांगायला हवं. हळदीत पिवळेपणासाठी लेड क्रोमेट मिसळलं जातं, आणि त्यातलं शिसं अत्यल्प प्रमाणातही लहान मुलांच्या मेंदूला घातक असतं. दहा लाख भागांत काही भाग एवढं शिसं परावर्तित प्रकाशाच्या वर्णपटात दिसणार नाही. त्यासाठी क्ष-किरणांवर चालणारं निराळं यंत्र लागतं. बांगलादेशात 2019मध्ये तपासलेल्या हळदीच्या नमुन्यांपैकी 47 टक्क्यांत शिसं आढळलं होतं. बाजारात अशी हातातली क्ष-किरण यंत्रं नेऊन तपासण्या झाल्या, दंड झाले, आणि 2021पर्यंत हे प्रमाण शून्यावर आलं. यंत्र प्रयोगशाळेतून उठून बाजारात आलं की काय होतं, याचं इतकं ठळक उदाहरण दुसरं मला माहीत नाही. प्रकाशाच्या चिपने तिचं काम करावं, शिशाची जबाबदारी मात्र तिच्यावर टाकू नये.

सांगलीच्या हळदीची वही

चिपने वर्णपट काढला तरी त्यावरून कुरकुमिन इतके टक्के, ओलावा इतका, हे आपोआप कळत नाही. त्यासाठी आधी शेकडो नमुन्यांवर दुहेरी काम करावं लागतं: प्रत्येक नमुना प्रयोगशाळेत जुन्या पद्धतीने तपासायचा आणि त्याचाच वर्णपट चिपवर घ्यायचा. या जोड्यांवरून गणिताचं सूत्र बसतं. सूत्र ज्या हळदीवर बसवलं, त्याच जातीच्या हळदीला ते लागू पडतं. सेलमच्या हळदीवर तयार झालेलं सूत्र राजापुरीला लावलं तर चांगल्या मालाला हलका ठरवायची भीती असते, आणि त्याचा फटका शेतकऱ्याला बसतो. पूड किती बारीक आहे, ती किती वाळलेली आहे, यानेही आकडे हलतात.

म्हणून मला वाटतं, परदेशातून तयार उपकरण यायची वाट पाहण्यापेक्षा ही नमुन्यांची वही इथे आत्ता भरायला घ्यावी. सांगलीच्या हळदीला 2018मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ते मानांकन तपासून सिद्ध करायला अशा वहीइतका दुसरा आधार नाही. कसबे डिग्रजला राहुरीच्या कृषी विद्यापीठाचं हळद संशोधन केंद्र आहे. फुले स्वरूपासारखा वाण तिथूनच आला. कृष्णा आणि वारणेच्या काठची हळद, वाईकडची हळद, सौद्याला येणारी परपेठ, म्हणजे बाहेरच्या पेठांतली हळद, हळकुंड वेगळं आणि गड्डा वेगळा, असे नमुने जमवायला लागणारी यंत्रं आजही उपलब्ध आहेत. पुढे चिप कुठल्याही कंपनीची आली तरी चालेल. आधी तपासून ठेवलेले काही नमुने तिला दाखवून तिचा मेळ वहीशी घालता येतो. मात्र वही एकदा भरून मिटून ठेवता येणार नाही. पाऊस, जमीन आणि शिजवणी बदलली की पुडीचा वर्णपट थोडा सरकतो, त्यामुळे दर हंगामात नव्या हळदीचे नमुने तिच्यात घालत राहावे लागतील.